उजेडाची चौकशी

११ जानेवारी
एवारिस्तो आज साकापाला गेला. छातीला कोरडी हवा हवी, असं डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते विचारायचं राहून गेलं. तिथे एका औषधांच्या दुकानामागे खोली मिळाली आहे. दुकान मौरा नावाच्या कुणा विधवेचं आहे. सोय चांगली झाली, औषधं हाताशी. पावसाळ्याच्या आत परत येईल. जाताना उन्हाळी-हिवाळी सगळे कपडे घेऊन गेला. पहिल्यापासून व्यवस्थित माणूस.

हवेवरचं झाड मात्र ठेवून गेला. लग्नाच्या वर्षी त्याने ते डोंगरातून आणलं होतं. ना माती, ना कुंडी. तारेला टांगलेला चंदेरी, कुरळ्या पानांचा गुंता, आता चांगला टोपलीएवढा झालाय. ज्याला परत यायचं नसतं तो असं झाड मागे ठेवत नाही.

निश्चय: झाडाला वर्षभर योग्य उजेड मिळेल याकडे जातीने लक्ष देणे. आजवर तोच ते इकडून तिकडे हलवायचा. मी कधी नीट पाहिलं नाही.

१९ जानेवारी
फोन केला. केवळ झाडासाठी. कुठे टांगू, विचारलं. म्हणाला, मागच्या ओसरीच्या कडेला, सकाळचं ऊन लागेल तिथे. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन पार आतपर्यंत येतं. बराच वेळ बोलला. छाती कशी आहे, विचारलं तर म्हणाला, कसली छाती?
दुखणं अंगावर काढायची सवयच आहे त्याला.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
कपाळाला राख लावून आले. कॉन्व्हेंटमध्ये मदर सोलेदाद सांगायच्या, जे सर्वांत प्रिय तेच ईस्टरआधीच्या या चाळीस दिवसांत सोडावं. ईस्टरपर्यंत साकापाला फोन करायचा नाही असं ठरवलं. फोन मला फार प्रिय आहे अशातला भाग नाही. दुसरं काही सुचलं नाही.

२० फेब्रुवारी
फोन केला. मुक्या जिवाची काळजी हे दयेचं कृत्य आहे, ते व्रतात बसतं. मदर सोलेदादना नक्की पटलं असतं.

१२ मार्च
ऊन फार कडक झालंय म्हणून झाड होकोतेच्या फांदीला टांगलं. सावली राहील असा विचार. आठवडाभरात होकोतेची पानंच झडली आणि झाडाची एक बाजू भाजून तपकिरी झाली. फोन केला. म्हणाला, अगं आंपारो, होकोते दर मार्चला उघडा होतो, ती पानं तूच झाडतेस ना? लोकाटच्या झाडाखाली ने, त्याची पानं टिकतात. या दोन महिन्यांत थेट ऊन नको, गाळलेला उजेड हवा.
‘अगं आंपारो’ म्हणाला. किती दिवसांनी.

९ एप्रिल
लोकाटखाली झाड सुधारतंय. ओफेलिया आली होती. सख्खी बहीण, शेजारीच राहते, त्यामुळे बोलायला मोकळी. म्हणाली, ताई, एवढे फोन कशाला करतेस? झाडाचा फोटो काढ, पाठव त्याला, मोकळी हो. मी तिला समजावलं की फोटोत उजेड खरा कळत नाही. म्हणाली, तुला तरी कुठे खरा कळतोय?
काहीतरी कोड्यात बोलते.

१६ मे
पाऊस सुरू झाला. यंदा बराच लवकर आला, त्यामुळे एवारिस्तोचा अंदाज चुकला असणार. झाड भिजू नये म्हणून आत दिवाणखान्यात आणलं, त्याच्या खुर्चीच्या वर टांगलं. तिथे शोभतं.

४ जून
पानं सैल पडली, हिरवट झाली. फोन केला. घरमालकीणबाईंनी उचलला. आवाज गोड आहे, हे कबूल करायला हवं. म्हणाल्या, ते अंघोळीला गेलेत, कोण बोलतंय म्हणून सांगू? मी म्हटलं, झाडाबद्दल बोलायचं होतं. तर म्हणाल्या, अच्छा, झाडवाल्या बाई का!
म्हणजे तिथे माझा विषय निघतो.

नंतर त्याचा फोन आला. म्हणाला, पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, उजेड आधीच कमी. झाड उघड्यावर काढ, उलटं टांग म्हणजे पोटात पाणी साचणार नाही. मी मागच्या ओसरीवर टांगते म्हटलं. नाही म्हणाला. या महिन्यांत सूर्य उत्तरेला सरकलेला असतो, मधूनच जे ऊन पडतं ते समोरच्या ओसरीवर येतं.

एवढी वर्षं या घरात काढली आणि इथलं ऊन बाजू बदलतं हे मला माहीत नव्हतं. सकाळी तो कॉफीचा पेला घेऊन या ओसरीवरून त्या ओसरीवर जायचा. मला वाटायचं, माझ्या बडबडीपासून लांब जातोय.

२ ऑगस्ट
ओफेलियाशी भांडण. म्हणाली, ताई, हे झाड जरा बरं दिसायला लागलं की तू त्याला उचलून भलतीकडे ठेवतेस. मग ते आजारी पडतं, मग तू फोन करतेस. मी म्हटलं, काहीतरीच काय! म्हणाली, काहीतरीच तर काहीतरीच, पण त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा? मी विचारलं, एवारिस्तोचा? म्हणाली, झाडाचा गं बाई, झाडाचा!
तिला संशय घ्यायची फार सवय. पाव न खाताच गेली.

३ ऑगस्ट
झाड न्हाणीघरात हलवलं. तिथे वरून कौलातल्या काचेतून उजेड येतो. निव्वळ प्रयोग.

११ ऑगस्ट
प्रयोग फसला. फोन केला. कुणी उचलला नाही.

३० ऑगस्ट
उचलत नाहीत. साकापाची लाईन खराब असणार. डोंगराचा भाग.

२१ सप्टेंबर
लाईन अजून दुरुस्त नाही. ओफेलियाचा साकापाच्या मैत्रिणीशी रोज फोन होतो, पण ती कंपनी वेगळी असेल.

विचारायला कुणी नाही, म्हणून स्वतःच बघायला लागले. सकाळी स्टूल घेऊन बसते आणि ऊन कुठून येतं, कुठे थांबतं ते पाहते. झाड समोरच्या ओसरीवर, कडेला, उलटं. पानं पुन्हा आवळायला लागली आहेत. हलवलं नाही. हलवून सांगणार कुणाला?

२ नोव्हेंबर
काल सर्व संतांचा दिवस. फियाम्ब्रे केलं: भाज्या, मांस, चीज, सगळं थंड आणि आंबट. त्याला आवडतं तसं, बीट घालून लाल. एक मोठं भांडं भरून बसवाल्याबरोबर साकापाला पाठवलं. आज भांडं परत आलं. लख्ख घासलेलं. आत केसादिया, साकापाचा तो चीज घातलेला गोड केक, अजून कोमट. चिठ्ठी नाही. बाईंना रीत कळते, भांडं रिकामं पाठवलं नाही. केसादिया अगदीच साधारण होती. तीन तुकडे खाल्ले. ओफेलियाला दिली नाही.

२६ नोव्हेंबर
झाडाच्या मधोमध काहीतरी वर येतंय. आधी वाटलं कीड. तांबूस, टोकदार. ओफेलियाला हाक मारली. ती स्टुलावर चढून बघते तर फुलाचा दांडा! एवारिस्तोच्या हातून इतक्या वर्षांत आला नव्हता. ओफेलियाने मला मिठी मारली आणि रडली. ती का रडली कळलं नाही.

आता सूर्य पुन्हा दक्षिणेला. झाड मागच्या ओसरीवर आणलं. कुणाला विचारलं नाही.

१५ डिसेंबर
दांडा वीतभर. उद्या फोन करायचा. आधी फुलाचं सांगायचं. तो म्हणेल, खरं की काय? मग म्हणायचं, येऊन बघ की. नाताळला तमाले करतेच आहे, तुझ्या वाटणीचे वाढवते. सहज म्हणायचं, आवाज न बदलता. दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा चांगलं जमलं.
चादरी उन्हात घातल्या. एरवीही घालायच्याच होत्या.

१६ डिसेंबर
पहिल्याच घंटेला त्याने उचलला. फुलाचं सांगितलं. म्हणाला, खरं की काय? अगदी तसाच म्हणाला. मग मी श्वास घेतला, तेवढ्यात तोच म्हणाला, आंपारो, बरं झालं तू फोन केलास. आम्ही इथे तीन नवीन झाडं आणलीत, पण ती पांढरी पडतायत. तुला जमलंय तर जरा सांग. थांब, हिलाच देतो, पाणी-उजेड सगळं हीच बघते.

मग मौरा आली फोनवर. म्हणाली, सावकाश सांगा हं, मी लिहून घेते.

मी सांगितलं. जानेवारीत सकाळचं ऊन. मार्च-एप्रिलला दाट पानांची सावली, पान झडणारं झाड नको. पावसाळ्यात उघड्यावर, उलटं. मेपासून ऊन उत्तरेकडून येतं. ऑगस्टनंतर हळूहळू परत फिरतं, तेव्हा रोज थोडं बसून बघावं लागतं. ती मधून मधून ‘हं, हं’ करत होती. मागे त्याचा खोकल्याचा आवाज आला. तिने फोन बाजूला धरून त्याला म्हटलं, अरे, शाल घे.

सांगता सांगता वर्ष संपलं, तेव्हा तिने विचारलं, अजून काही सांगायचं राहिलंय का?

मी म्हटलं, नाही. एवढंच.