बाबांच्या मोबाइलमधलं कोरं पान

६ नोव्हेंबर, गुरु.
बाबांच्या मोबाइलवरच्या बातम्या पुन्हा बंद. बाबांची नजर इतकी गेली की पेपर वाचता येत नाही. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी जपा. म्हणून गावी, कामठ्याला, त्यांच्या मोबाइलमध्ये मी जुगाड करून दिला: बातम्यांच्या साइटवरून नुसता मजकूर उचलायचा, जाहिराती गाळायच्या, अक्षरं बोटाएवढी करायची. साइटच्या कोडमध्ये पानाच्या प्रत्येक तुकड्याला एक नाव असतं, क्लास म्हणतात; मजकूर सापडतो त्या नावावरून. पूर्वी बातमीला बातमी असंच नाव असायचं. आता मशीन ठेवते, a8Kx, q3Zt. साइटवाल्यांनी जरा हात लावला की सगळी नावं नवी. इथे कुडव्यात माझ्या घरी बसून सकाळभर शोधली, बदलली. ऑफिसचं काम तसंच. डोकं उठलं.

९, रवि.
कामठा. बाबा अंगणात मोबाइल घेऊन, बोट वर सरकवत. दिसते का विचारलं. "दिसून राहिलं ना." बरं वाटलं. आईनं वांगी बांधून दिली.

१२, बुध.
आईचा फोन. देवरीचे शामरावकाका शनिवारी गेले. बाबांचे जंगलखात्यातले जोडीदार, जन्माचे. त्यांच्या मुलाकडे बाबांचा नवा नंबर नव्हता. बाबांना काल पानठेल्यावर कळलं. मातीला जाणं नाही, काही नाही.
मी भडकले. साइटवर रविवारीच फोटोसकट होतं, वाचलं कसं नाही?
आई म्हणाली, "काय वाचतीन? शुक्रवारपासून पान कोरंच हाय."
म्हणजे गुरुवारी बसवलेली नावं शुक्रवारी बदलली. आणि रविवारी माझ्यासमोर ते कोऱ्या पानावर बोट सरकवत होते.
बाबांना विचारलं, सांगितलं काऊन नाही.
"तुले कायले सांगू घडीघडी? तुले तुयी कामं हायेत."
फोन ठेवून रडले. राग त्या मशीनचा, बाबांचाही.

१३, गुरु.
सुट्टी टाकली. नावावरून शोधणं बंद. कामठ्यात कोणी घर नंबरावरून सांगतं का? देवळासमोर, बोअरिंगच्या मागं, असंच सांगतात. तसंच केलं: मोठ्या शीर्षकाखाली, तारखेच्या पुढे जो लांब मजकूर, तीच बातमी. नाव काही का असेना. इथून बाबांच्या मोबाइलमध्ये चढवलं. माझ्याकडे तर चालतंय. तारखेच्या पुढे उद्या जाहिरात घुसवली की पुन्हा बोंब.

१६, रवि.
कामठा. आई धान कापायला गेलेली. बाबा अंगणात, तसेच, बोट वर सरकवत. गुरुवारी तेरवीला देवरीला नेते म्हटलं. मान हलवली.
दिसते का?
"दिसते."
पहिली बातमी कोणती ते वाचा ना, म्हटलं.
"तूच वाच तुया मोबाइलवर."
बोट चालूच. हातातून मोबाइल घेऊन बघायची हिंमत झाली नाही. पान कोरं निघालं तर दुरुस्त करता येईल. भरलेलं निघालं, तर उरलेली नजरही गेली.