लग्नाच्या रजया आणि मधली ओळ

आदरणीय थोरले काका आणि काकू,

दोघांना चंग्वनचा वाकून नमस्कार. काकूंच्या गुडघ्याची सूज उतरली असावी आणि काळी मेंढी सुखरूप व्यायली असावी, अशी आशा करतो. (दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहिल्या याबद्दल राग मानू नये. कागद एकच आहे.) यंदा छिंगमिंगच्या सणाला आजोबांच्या थडग्याची झाडलोट तुम्ही एकट्याने केलीत, हे बाबांच्या मनाला लागून राहिले आहे. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे द्राक्षाच्या वेली मातीतून उकरून काढायच्या असतात. तिकडे मेलेल्यांवर माती घालायची आणि इकडे जिवंतांवरची काढायची, ही दोन्ही कामे एकाच वेळी येतात आणि फावडे मात्र घरात एकच चांगले आहे.

फोन केला असता. पण फोनवर तुम्ही इतक्या मोठ्याने बोलता की ते पलीकडच्या खोलीत बाबांना ऐकू जाते, आणि पुढील मजकूर त्यांच्या कानी जाऊ नये असा आहे. म्हणून हे पत्र बसचालक होच्या हाती देत आहे. (पाकिटाच्या कडेला सुरकुत्या दिसल्यास होवर संशय घेऊ नये. पत्र आत घालण्याआधीच मी पाकीट चिकटवून ठेवले आहे, ते पुन्हा उघडावे लागेल.)

मुख्य गोष्ट आधी सांगतो. माझे लग्न मोडण्याच्या बेतात आहे, आणि त्याला काकूंनी शिवलेल्या आठ लाल रजया कारण झाल्या आहेत. यात काकूंचा दोष तिळभरही नाही. टाके उत्तम होते. कापूस दाट आणि सारखा पसरलेला होता. खरे तर तो इतका चांगला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

हे समजण्यासाठी गेल्या हिवाळ्यापासून सांगावे लागेल. संशोधन केंद्रातील फानबाई आमच्या बागेत येतात हे तुम्हाला माहीत आहे. (त्या डॉक्टर आहेत, पण वेलींच्या. गावातल्या म्हाताऱ्या मात्र त्यांना अजून गुडघे दाखवतात. काकूंनी आल्यास दाखवू नयेत.) बाईंचे म्हणणे असे की, दर वर्षी वेल वाकवून मातीखाली झोपवायची आणि वसंतात उठवायची, ही पद्धत आता फार दिवस चालणार नाही. खोड जाड झाले की वाकवताना तडकते. ओळींमधली माती सैल होते आणि वसंतातला वारा ती उचलून नेतो. शिवाय फावडे धरणारे सगळे बाबांच्या वयाचे, आणि बाबांची पाठ कशी आहे ते तुम्ही जाणता. म्हणून बाईंनी आमच्या तीन ओळी प्रयोगाला घेतल्या. पहिली नेहमीप्रमाणे मातीखाली. मधली मातीशिवाय, जाड कापडी आच्छादनाखाली. तिसरीत एक नवीन जात लावली आहे, जिला काहीच पांघरावे लागत नाही. (तिसरी ओळ ठणठणीत जगली आहे. पण तिच्या द्राक्षांची वाइन तोंडात घेतली की वाइनरीचे लोक पाणी मागतात. बाई म्हणतात, यावर काम चालू आहे.)

बाबांनी मधल्या ओळीची भरपूर थट्टा केली. येणाऱ्याजाणाऱ्याला बांधावर उभे करून सांगायचे, "बघा, आमच्या वेलींना पांघरूण मिळालंय. उद्या उशी मागतील. परवा म्हणतील, पाय चेपून द्या." मी ऐकत असे. पण बर्फ पडला की रोज सकाळी त्या ओळीशेजारी बुटांचे ठसे उमटलेले दिसत, आणि डाव्या टाचेला खिळा असलेले बूट गावात एकाच माणसाचे आहेत.  वडीलधाऱ्यांचे ठसे दाखवून देऊ नयेत असे मला वाटते.

वसंतात उकरले तेव्हा मातीखालच्या ओळीत बरीच खोडे मोडली. आच्छादनाखालची एकही मोडली नाही. बाबा तिच्यासमोर फावडे टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे." (हे शब्द त्यांनी माझ्याविषयी अजून वापरलेले नाहीत.) फक्त एक अडचण झाली. आच्छादनाखाली ऊब जास्त, म्हणून त्या ओळीचे डोळे, म्हणजे नवे कोंब, सर्वांत आधी फुटले. बाईंनी मला समजावून सांगितले आहे की, झोपलेला डोळा भर हिवाळ्याची थंडी सोसतो, पण एकदा जागा झाला की शून्याच्या किंचित खाली गेलेला पाराही त्याला सोसत नाही. हे ऐकल्यापासून मला नीट झोप लागत नाही.

आणि नेमकी तेव्हाच बाईंनी आच्छादने केंद्रात नेली, ती किती झिजली हे तपासायला. ती गेली आणि दोन दिवसांत मोबाईलवर थंडीचा इशारा आला. मी बाईंना कळवले. त्या म्हणाल्या, आच्छादनांची गाडी निघेल, पण पोहोचायला उद्याची दुपार होईल. थंडी पहाटे येणार होती. बाबांनी हे ऐकले आणि मला शेकोट्यांसाठी गव्हाचा पेंढा आणायला शेजारच्या गावी पाठवले. मी तीनचाकीत पेंढा भरून दिवस मावळायच्या आत परतलो. लांबूनच मला मधल्या ओळीवर काहीतरी लाल दिसले. आधी वाटले, सूर्यास्त. मग सूर्यास्तावर भरतकाम दिसले.

काका, आठही रजया होत्या. लाल साटिनच्या, ज्यांवर काकूंनी हंसांच्या जोड्या काढल्या आहेत. बाबांनी त्या तारेवरून टाकून दोन्ही बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावले होते. लग्नाची पेटी उघडी होती आणि आई तिच्या झाकणावर बसून रडत होती. बाबा मात्र ओळीच्या टोकाला उभे राहून, कोणाचा पाय उघडा राहिला का बघावे तसे, एकेक टोक खाली ओढत होते. मी म्हणालो, "बाबा, या माझ्या लग्नाच्या आहेत." ते म्हणाले, "लग्न पुढच्या आठवड्यात आहे. थंडी आज आहे." 

पहाटे बाई गाडीच्या आधी एकट्याच थर्मामीटर घेऊन आल्या. रजईखाली एक ठेवला, बाहेर एक ठेवला, दोन्ही वाचले आणि पुन्हा वाचले. मग साटिन चिमटीत धरून विचारले, "कापूस कुठला?" बाबा छाती काढून म्हणाले, "आमच्या थोरल्या वहिनींनी भरलाय. नवरा, मुलगे, मुली, सगळे धडधाकट असलेली बाई आहे. असल्या हातची रजई कशी थंड पडेल?" बाईंनी ते लिहून घेतले. ऊन चढल्यावर पाहिले तर रजयांखालचा प्रत्येक डोळा हिरवा होता. जिथे रजया संपल्या तिथून पुढची अर्धी ओळ काळी पडली होती, कोणी काठी फिरवल्यासारखी. तरी बाई म्हणाल्या, जळालेल्या डोळ्याशेजारी आणखी एक डोळा दडलेला असतो. तो उशिरा फुटतो, फळ कमी देतो, पण फुटतो. तेवढ्यावर आम्हाला बरे वाटत होते, इतक्यात दोन संकटे एकदम आली.

पहिले संकट म्हणजे मॅगपाय पक्षी. लेकरेबाळे व्हावीत म्हणून काकूंनी प्रत्येक रजईच्या कोपऱ्यात खारका आणि शेंगदाणे शिवले होते, ते त्यांनी शोधून काढले. लग्नाच्या घरी हा पक्षी दिसणे फार शुभ, असे आई नेहमी म्हणते. त्या सकाळी तो इतका शुभ झाला की कोपरे उसवून कापूस बाहेर लोंबू लागला. दुसरे संकट म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोची, लान्फांगची आई. नवरानवरीचा पलंग बघायला ती लान्फांगला घेऊन त्याच सकाळी आली. पलंग राहिला बाजूला, बांधावरूनच तिला लाल ओळ दिसली.

"अहो व्याही," ती म्हणाली, "माझ्या लेकीच्या रजयांत हे कोण झोपलंय?"

"कोवळी लेकरं आहेत हो बिचारी. एकच तर रात्र," बाबा म्हणाले.

"कोवळी! मग माझी मुलगी काय जून आहे?"

बाबांनी इथे थांबायला हवे होते. पण लान्फांगच्या घरची गोजीची, म्हणजे त्या लाल औषधी बोरांची, शेती आहे, आणि वर्षभरात एकदा तरी हा वाद होतोच. तिची आई म्हणाली, "आमची गोजी सबंध हिवाळा उघड्यावर उभी असते. मेली कधी कुणाकडं चादर मागत नाही." बाबा म्हणाले, "म्हणूनच ती काढ्यात घालतात. आमच्या फळाचे लोक पेले भरतात." हे बोलून त्यांनी पुराव्यादाखल आपल्या माठातली घरची वाइन मागवली. (ती फानबाईंनी एकदा चाखली होती आणि, ही कशासाठी वापरता, असे विचारले होते.) विहीणबाईंनी ती हुंगली आणि वेलीच्या मुळाशी ओतली. मग शांतपणे सांगितले, आणि तिचे शांत बोलणेच मला जास्त भयंकर वाटले, की दुसऱ्याच्या अंगावर पडलेल्या रजयांत तिची मुलगी संसार सुरू करणार नाही. नव्या रजया हव्यात, पहिल्या शिवल्या त्याच हातच्या. लग्नाच्या सकाळी पेटीत त्या दिसल्या नाहीत, तर नवरीची गाडी तिच्या अंगणातून हलणार नाही.

 या सगळ्यात लान्फांग ओळीशी उकिडवी बसली, एका रजईचे टोक उचलून आत पाहिले आणि पुन्हा नीट खोचले. निघताना तिने मला फक्त विचारले, "कुठवर पुरल्या?" मी म्हणालो, "अर्ध्या ओळीला." ती "हं" म्हणाली आणि आईच्या मागून गेली. या "हं"चा अर्थ मी तेव्हापासून लावत आहे. आई म्हणते, तो राग आहे. बाबा म्हणतात, तो हिशेब आहे. मला वाटते की ज्या घरात नवरीपेक्षा वेलीची काळजी आधी घेतात, त्या घरात आपले काय होईल, असे तिला वाटले असावे. आणि तसे वाटले असेल तर तिचे चुकले, असे मला म्हणता येत नाही. मला ती मनापासून आवडते, काका. हे मी तिला अजून सांगितलेले नाही. लग्न झाल्यावर सांगण्याचा विचार होता.

बाबांना तुम्ही रागावू नये. त्यांनी कोणाला न विचारता केले, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी ते मधल्या ओळीत एकटेच बसून उसवलेला कापूस बोटाने आत ढकलत होते, आणि मला पाहून म्हणाले, "तुझ्या लग्नाचं मी वाटोळं केलं का रे?" मी "नाही" म्हणालो. ते खरे ठरावे, एवढीच इच्छा आहे.

प्रकृतीस जपावे. शेजारच्या सर्वांना नमस्कार.

तुमचा पुतण्या,
लेई चंग्वन

ता. क. वर लिहायचे राहिले. काकूंनी कृपा करून होच्या परतीच्या बसनेच सुई-दोरा घेऊन यावे. कापूस आणि साटिन मी आणून ठेवले आहे. काकूंसाठी पुढची, खिडकीकडची जागा राखून ठेवण्यास होला सांगितले आहे, म्हणजे गुडघा लांब करता येईल.

ता. क. २. बाबांनी हे पत्र वाचले. (पाकीट उघडे होते.) त्यांचे म्हणणे, फानबाईंच्या मते कापूस थोडा आणखी जाड भरावा. कशासाठी, ते मी विचारले नाही.

ता. क. ३. पत्र होकडे देण्यास निघालो तेव्हा पुन्हा थंडीचा इशारा आला. अर्ध्या काळ्या ओळीतले दडलेले डोळे कालच फुगले आहेत, आणि केंद्रातून धड आच्छादने हिरव्या अर्ध्यापुरतीच परत आली आहेत. बागेत गेलो तर लान्फांगची स्कूटर बांधाला लावलेली होती. तिच्या माहेरच्या पेटीतल्या सहा रजया तिने मागे बांधून आणल्या होत्या, आणि ती व बाबा त्या उरलेल्या अर्ध्या ओळीवर चिमट्यांनी लावत होते. तिने मला पाहून "उभा काय राहिलास, ते टोक धर" एवढेच म्हटले. मी टोक धरले. पेटी रिकामी आहे हे तिच्या आईला अजून ठाऊक नाही आणि कळूही नये. तेव्हा काकूंनी चौदा रजयांच्या तयारीने यावे.

लान्फांगने काकूंना नमस्कार सांगितला आहे. ती म्हणते, या खेपेला कोपऱ्यांत खारका-शेंगदाणे शिवू नयेत, म्हणजे पुढच्या वर्षी पक्ष्यांचा त्रास होणार नाही.