टाकीवरचे तीन थेंब

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा पूर्वीइतकाच कुरकुरतो आणि बाबा गुडघ्यापेक्षा जास्त. फोन केला असता तर तू उचलला असतास की नाही, ठाऊक नाही. उचलला असतास तरी मी जेवलीस का, झोप होते का, एवढंच विचारून ठेवून दिला असता. गेल्या आठ महिन्यांत आपण दोघींनी तेवढंच बोलायची सवय लावून घेतली आहे. म्हणून लिहिते आहे. येत्या गुरुवारी अकरा वाजता तुमच्या गटातले तिघं आमच्या कंपनीत बोलणी करायला येणार आहेत. त्या यादीत तुझं नाव मी परवा वाचलं. कंपनीकडून चौघं बसणार आहेत आणि चौथी मी आहे. हे तुला दारातून आत शिरताना कळू नये असं वाटलं.

साहेबांना आपलं नातं माहीत आहे. तू शाळेत असताना घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस असायचा, तेव्हा तूच त्यांना विचारलं होतंस की खेळणी बनवणाऱ्या माणसाच्या खोलीत एकही खेळणं कसं नाही. ते त्यांच्या अजून लक्षात आहे. परवा मला बोलावून म्हणाले, बाई, गुरुवारी तुम्हीही बसा. नमुन्यांबद्दल कुणी काही विचारलं तर सांगा, नाहीतर नुसत्या बसा. समोर आई असली की पोरांचा आवाज जरा खालच्या पट्टीत राहतो. चहाचा कप माझ्याकडे सरकवत, अगदी प्रेमाने म्हणाले. म्हणून मला त्याचा राग यायला जिना उतरून खाली यावं लागलं.

त्या रविवारचं मी अजून मनातून काढू शकलेले नाही. खाडीकाठची तेलाची नळी फुटून दोन आठवडे झाले होते. तू रोज पक्ष्यांचे पंख धुवायला जात होतीस, तुझ्या नखांत काळं बसलं होतं आणि न्हाणीघरात सतत भांड्यांच्या साबणाचा वास असायचा. आणि मी नेमका त्या दिवशी खेळण्यातला नवा टँकर घरी आणला होता, स्टिकर वाकडे बसतात का ते बघायला. पिवळी टाकी, आणि तिच्यावर, जिची नळी फुटली त्याच तेल कंपनीचे तीन निळे थेंब. तू टेबलाशी आलीस, तो उचललास आणि विचारलंस, आई, हे तू बनवलंस? मी म्हणाले, मी फक्त स्टिकर कुठे लागतात ते बघते. तू म्हणालीस, तिथे सगळेच फक्त काहीतरी करत असतील ना. बाबांनी उगाचच पाण्याचा जग इकडचा तिकडे ठेवला. महिनाभरात तू मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेलीस आणि जाताना आपली उशी तेवढी नेलीस. तेव्हापासून तो ‘फक्त’ माझ्या जिभेला टोचतो. दुकानात फक्त अर्धा लिटर दूध द्या असं म्हणताना अडखळते. दुकानदार म्हणतो, ताई, हवं तर एक लिटर घ्या, पण लवकर ठरवा.

तुला लहानपणचं कपाट आठवतं का? खालच्या खणात तुझ्या गाड्या असायच्या. त्या सगळ्या आमच्या नमुना विभागातल्या नापास गाड्या. एखादीचा रंग फिकट, एखादीचं चाक घट्ट, एखादीच्या दाराला रेघ. त्या घरी न्यायची परवानगी होती, पण वहीत लिहून न्यायचं: वस्तू, तारीख, सही आणि शेवटच्या रकान्यात कारण. इतर लोक तिथे ‘खराब’ किंवा ‘निकामी’ लिहायचे. मी ‘मुलीसाठी’ लिहायची. वहीवाल्या काकू म्हणायच्या, अहो, हे कारण नाही, हा पत्ता झाला. स्टिकर मात्र तेव्हा घरी नेता यायचे नाहीत, त्यामुळे तुझी रुग्णवाहिका कोरी, अग्निबंबाची गाडी कोरी आणि टँकरही कोरा. तुला त्याचं काही वाटायचं नाही. तुझ्या टँकरमध्ये सोमवारी दूध असायचं, मंगळवारी पावसाचं पाणी. एकदा तू त्यात गोष्टी भरल्या होत्यास आणि ज्यांच्या घरी आजी नाही त्यांच्या दारात नेऊन ओतत होतीस. मी पोळपाटावर कोपर टेकून तो सगळा कारभार बघत उभी राहायची.

म्हणून तीन महिन्यांपूर्वी मुलांची पहिली पाकिटं आली तेव्हा मला कुणी सांगायची गरज पडली नाही. टँकर ठेवा, थेंब परत पाठवा, ही तुमच्या मोहिमेची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ते मी पहिल्या पाकिटालाच ओळखलं. आधी दिवसाला आठ-दहा यायची, मग पोती यायला लागली. ती उघडून लावायचं काम आमच्याच विभागाकडे आलं, कारण स्टिकर आमचे. बहुतेक पाकिटांत खोक्यातून निघाले तसेच न सोललेले थेंब आणि मोठ्या माणसाने सांगून लिहून घेतलेली ओळ. पण काही पोरांनी आपल्या मनाने लिहिलं आहे. एकाने कळवलंय की एक थेंब आजोबांच्या टकलावर लावला होता, तो आता निघत नाही, बाकीचे दोन पाठवतो. एका मुलीने लिहिलंय, मला तुमचा ट्रक खूप आवडतो, तुम्ही पण चांगले असाल, मग हे का करता? सगळ्यांना एकच छापील उत्तर जातं. या मुलीला ते पाठवायला माझा हात धजावला नाही. तिचं पाकीट माझ्या खणात आहे, पेन्सिलींच्या डब्याखाली. दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा पहिल्याच ओळीत ‘आम्ही फक्त’ आलं.

आता जे सांगते आहे ते आमच्या साचेवाल्या मिस्त्रींखेरीज कुणाला माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी तेल कंपनीशी करार झाला, तेव्हा थेंब स्टिकरवर नको, थेट टाकीवर छापा, असं वरून आलं होतं. छपाईचे नमुने मी काढले. टाकी गोल असते, तिच्यावर शाई पसरते, हे खरं आहे. पण सगळ्याच टाक्यांवर पसरत नाही. वीस नमुन्यांपैकी तेरा स्वच्छ आले होते. मी सात खराब वर ठेवले आणि छपाई जमत नाही, स्टिकरच बरे, असा शेरा लिहिला. मिस्त्रींनी खालचे तेरा बघितले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बाई, आज डोळ्यांत काही गेलंय का तुमच्या? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग माझ्याही गेलं असेल. त्यांनी खाली सही केली. का केलं मी हे? तेव्हा नळी फुटली नव्हती. तेल कंपनीवर माझा काही विशेष राग नव्हता. एवढंच डोक्यात होतं की स्टिकर ज्याला नको त्याने लावू नये. टाकी कोरी ठेवायची असेल तर तिच्या मालकाला ती ठेवता यावी.

हे तुला त्या रविवारी सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण तुझ्या नखांकडे बघून ते फार छोटं वाटलं. मीही तुझ्याच बाजूची आहे बरं का, असं सांगून शाबासकी मागितल्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मी तुझ्या बाजूची नव्हतेच. मी नोकरीच्या बाजूची होते. मला माझं काम आवडतं, भिंगरी. चाक फिरवून त्याचा आवाज ऐकणं, दाराची फट कागद सरकवून बघणं, हे मला चोवीस वर्षांनंतरही आवडतं. तुम्ही लोक फाटकाबाहेर फलक घेऊन उभे असता तेव्हा मी मागच्या दाराने आत जाते. लाज वाटते म्हणून नव्हे. तू मला बघून आवाज खाली आणशील याची भीती वाटते म्हणून.

आता गुरुवारबद्दल. कंपनी तुम्हाला काय सांगणार आहे ते मला माहीत आहे. साहेब उभे राहतील आणि सांगतील की मुलांच्या भावनांचा मान ठेवून पुढच्या मालापासून टँकरवरचे स्टिकर आम्ही कायमचे बंद करतो. तसं लिहूनही देतील. फोटोवाला आधीच सांगून ठेवला आहे. तुमच्यातलं कुणीतरी रडेल, बहुतेक तूच. आनंदाने रडायची तुला पहिल्यापासून सवय. आणि ते खोटं बोलणार नाहीत. स्टिकर खरंच बंद होणार आहेत. कारण नव्या टँकरचे थेंब साच्यातच कोरायचं ठरलं आहे. प्लास्टिक ओततानाच टाकीवर उठून येतील, टाकीच्याच पिवळ्या रंगात. फोटोत दिसत नाहीत, हाताला लागतात. पुढच्या वर्षी, हे सगळं शांत झाल्यावर, त्यांना निळा रंग द्यायचा. साहेब म्हणाले, आता उपटा म्हणावं काय उपटायचं ते. त्याचं रेखाटन मला सांगितलं आणि मी ते काढून दिलं. हेही तुला माझ्याकडूनच कळायला हवं. अजून चाचणीचाच साचा झाला आहे. कायमच्या साच्याचं पोलाद मिस्त्री पुढच्या सोमवारी कापायला घेणार आहेत. ते म्हणाले, बाई, रबराने खोडतात तो कागद, पोलाद नव्हे. एकदा कापलं की तुमची नातवंडंसुद्धा याच थेंबांवरून बोटं फिरवणार. आणि मग नेहमीप्रमाणे म्हणाले, अर्थात, तुमची मुलगी आधी तुमच्याशी बोलली तर नातवंडं.

आता हे पत्र कशासाठी ते. त्यांनी स्टिकर बंद केल्याचं सांगितलं की टाळ्या वाजवू नका. तू विचार की स्टिकर गेल्यावर टाकीवर काय उरतं. साहेबांना विचारू नकोस, ते छान उत्तर देतील. मला विचार. मी डावीकडून शेवटच्या खुर्चीवर असेन, राखाडी स्वेटरमध्ये, तुला न आवडणाऱ्या. आई म्हणू नकोस, नमुना विभागाच्या बाई म्हण, आणि आवाज खाली आणू नकोस. मी आपणहून बोलले तर म्हणतील आईचं काळीज वितळलं. तू विचारलंस तर तो कामाचा प्रश्न होईल आणि कामाच्या प्रश्नाला मी आजवर खोटं उत्तर दिलेलं नाही, ते सात नमुने सोडले तर. त्यानंतर माझी खुर्ची राहील असं वाटत नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बरंय, मग दोघं मिळून गुडघा धरून बसू, एकट्याला कंटाळा येतो. मग आत जाऊन माझे बूट पुसून ठेवले. गुरुवारला अजून तीन दिवस आहेत. सोबतच्या खोक्यात चाचणीच्या साच्यातली एक पिवळी टाकी आहे. खिडकीशी नेऊन बघितलीस तरी कोरी वाटेल, म्हणून डोळे मिटून तिच्यावर बोट फिरव, म्हणजे काय विचारायचं ते नीट कळेल. टाकी चोरून आणलेली नाही. वहीत लिहून आणली आहे. वस्तू, तारीख, सही, सगळं आहे. कारणाच्या रकान्यात जुनंच लिहिलं आहे. मुलीसाठी.

गुरुवारी समोरच्या बाजूला बसलेली, पण तुझीच,
आई