कृष्णेच्या खालच्या अंगाची माणसं

बाई,

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हे पत्र कुठे जायचं नाही, तरी लिहिते, कारण मध्यंतरी इथे परदेशात, यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये तुमचा भूगोलाचा तास पुन्हा भरला. वाईच्या घाटावर तुम्ही वर्गाला नेलं होतंत. आम्ही पोरी नदीत खरकटे डबे विसळतोय आणि तुम्ही पायरीवरून म्हणता, "नदी इथं संपत नाही गं. खाली माणसं राहतात." आम्ही डबे उचलले. ती खालची माणसं कोण, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

लेकीने ऑफिसातला तेलुगू मुलगा पसंत केला, ते ह्यांना रुचलं नव्हतं. "भाषा वेगळी, रीत वेगळी. बोलायचं काय त्यांच्याशी?" मुलाची आई गावाहून आली, तिला जेवायला बोलावलं, तरी हे मान खाली घालून जेवत राहिले. ती मोडक्यातोडक्या हिंदीत मला विचारते, तुमचं गाव कुठलं? वाई तिला माहीत नव्हती. मी म्हटलं, कृष्णेकाठी. तिचा हात वरणभातावरच थांबला. "आमचं गाव कृष्णा समुद्राला मिळते तिथं," ती म्हणाली. लेक हसली आणि इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली, "आई, सेम रिव्हर लाह."

मग ती सांगत गेली. तिथं पात्र इतकं रुंद की पलीकडचा काठ पुसट दिसतो. पण उन्हाळ्यात वरून पाणी आलं नाही की समुद्रच नदीत चढतो, आणि विहिरी खारट होतात. सूर तक्रारीचा नव्हता. ह्यांनी मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदाच तिच्याशी बोलले, "मग प्यायला पाणी कुठून आणता?" "टँकर येतो," ती म्हणाली. हे उठले आणि तिच्या पेल्यात पाणी ओतलं. त्यानंतरचं बोलणं सोपं गेलं. लग्नही झालं.

आता ती मला 'वदिना' म्हणते. तिकडे विहिणी एकमेकींना तशीच हाक मारतात. उन्हाळा लागला की फोनवर विचारते, "तुमच्याकडे पाणी सोडलं का?" मी वाईला भावाला विचारते, आणि धोम धरणातून सोडलं असेल तर लगेच तिला कळवते. तिला बरं वाटतं. बाई, नकाशा वाचायला तुम्हीच शिकवलंत. मधे आलमट्टीचं धरण आहे, श्रीशैलमचं आहे, नागार्जुनसागर आहे. धोमचं पाणी तिच्या विहिरीपर्यंत काही पोचत नाही. तिलाही ते ठाऊक असावं. पण मी अजून तिला तसं सांगितलेलं नाही.