भिंत कोरणारा उंदीर

२ ऑक्टोबर १९८८, रविवार

सिमेंट पडलं! सबंध स्वयंपाकघराच्या भिंतीचं. मागच्या रविवारी त्र्यंबकने कुणाचंही न ऐकता मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलं. आज डोंबिवलीहून मोहने गावी येऊन दार उघडतो तर खाली ढीग. मातीने त्याला धरलंच नाही. शेजारच्या मनुबाई — त्यांच्या दिराचं हे घर, दामाजींचं, त्यांच्याकडूनच आम्ही घेतलं — दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. "गो मास्तरीण, भितीला कोट शिवलास व्हय? मातीचे भितीला मातीच लागतं."

त्र्यंबक आधी चिडला, मग तोही हसला. ठाण्याच्या कचेरीत नकाशांवर शिक्के मारणारा माणूस, थापी कधी हातात धरली होती? पण घर आपल्या हातांनी नीट करायचं हा हट्ट आम्हा दोघा नवराबायकोचा. आता हसं झालं तेही दोघांचंच.

ढीग भरताना पाणी शिंपडलं. आतल्या जुन्या मातीचा असा वास सुटला की तोंडाला पाणी आलं. कोनाड्याखाली एक ढेकूळ सुटलं होतं. इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्लं. मी — बी.एस्सी., बी.एड.!

५ ऑक्टोबर, डोंबिवली

शंका होती ती खरी निघाली. शाळा सुटल्यावर कल्याणलाच एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, नेहमीच्या नव्हे. तिसरा महिना चालू आहे म्हणाल्या. वजन उचलू नका म्हणाल्या. मातीचं मी सांगितलं नाही.

कुणालाच सांगायचं नाही. दोन वेळा सगळ्यांना सांगून झालं. दोन्ही वेळा सगळ्यांना परत सांगावं लागलं. दोन्ही वेळा चौथ्यात. शेजारणी येऊन बसायच्या आणि भाजीचे भाव बोलायच्या. त्र्यंबक भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्याला तर मुळीच नाही सांगणार. चौथा सरू दे, मग बघू.

९ ऑक्टोबर

भाऊ आले होते घर बघायला. सासऱ्यांना नाही कसं म्हणणार. धोतराचा सोगा वर धरून सगळीकडे फिरले आणि कौलं सोडून सगळ्याला नावं ठेवली. मग म्हणाले, "काम लवकर आटपून वास्तुशांती उरकून घ्या. घरात बाई गर्भार असली की बांधकामाला हात लावायचा नसतो, खिळासुद्धा ठोकायचा नसतो. सध्या तसं काही नाही, तोवर बरं आहे."

मी चहाचा कप घेऊन उभी.

त्र्यंबकने तिथल्या तिथे हातोडा उचलला आणि चौकटीत एक खिळा ठोकला. "भाऊ, खिळ्याला काय कळतंय कोण गर्भार आहे ते?" भाऊ रागावून आंबिवली स्टेशनकडे चालायला लागले. नेहमी मला त्र्यंबकचं हे वागणं आवडतं. आज त्या प्रत्येक ठोक्याला मी पोट आत ओढून घेतलं. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. तरी ओढलं.

भाऊंना कळलं तर काम बंद. काम बंद म्हणजे डोंबिवलीची ती मधली खोली. जिथे दोन वेळा झालं तीच. तिथे मी हे मूल वाढवणार नाही. इथेच यायचं, या घरात, लवकर. एवढंच हवंय मला. बाकी काही मागत नाही.

१६ ऑक्टोबर

कोनाड्याखाली आता मूठ जाईल एवढं भोक पडलंय. चमच्याने कोरते. त्र्यंबक म्हणतो, "उंदीर झालेत." मी म्हटलं, "असतील."

२३ ऑक्टोबर

पिंजरा आणला त्याने! आत भजी लावून कोनाड्याखाली ठेवला. उंदीर आला नाही. भजी मी खाल्ली असती, पण तेलाच्या वासाने मळमळतं.

दुपारी भांडण. मातीचं घमेलं उचलायला मी नाही म्हटलं. पाठ दुखतेय म्हटलं. "तुझी पाठ बरी रविवारीच दुखते," तो म्हणाला. मीही दोन सुनावल्या. संध्याकाळपर्यंत तो एकटा घमेली वाहत होता. मी नुसती बघत होते आणि मला माझाच राग येत होता.

६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी लागली. मी मोहन्यालाच राहायला आले. भाऊंना सांगितलं, काम अंगावर घेतल्याशिवाय होणार नाही. त्र्यंबक इथूनच ठाण्याला जातो. मनुबाईंच्या सांगण्यावरून भुसा कालवून माती लिंपतो आहे. त्याला आता ते जमतंही. पण किती राहिलंय! खिडक्यांना दारं नाहीत. मोरीला उतार नाही. मी या खोलीतून त्या खोलीत जाते, काहीतरी हातात घेते, तिथेच ठेवते. एका जागी बसवत नाही.

८ नोव्हेंबर

आज माती अजिबात खाल्ली नाही.

९ नोव्हेंबर

खाल्ली.

१३ नोव्हेंबर

त्र्यंबकचं काहीतरी बिनसलंय. खिडकीच्या फळ्या, खिळे, हातोडा, सगळं उचलून मनुबाईंच्या अंगणात गेला. म्हणे तिथे ऊन चांगलं आहे. आपल्या अंगणात काय अंधार आहे? परवा संध्याकाळीही तिकडेच होता. पिंजराही त्यांना देऊन टाकला. "त्यांच्याकडे जास्त आहेत."

घमेलं उचल, हेही आता म्हणत नाही. पाणीसुद्धा तोच भरतो, भांडणानंतर भरतात तसं, गुपचूप.

१७ नोव्हेंबर

आज विचारलंच. सगळ्या भिंती लिंपून झाल्या, कोनाड्याखालचा तो तुकडा तेवढा का राहिलाय? लिंपून टाक एकदाचा. (म्हणजे माझी तरी सुटका होईल.)

"माती संपली."

मोहन्यात माती संपली! मी म्हटलं, "सरळ सांग ना, तुला कंटाळा आलाय. परत डोंबिवलीला जायचंय तुला."

"नाही गं."

"मग सगळा वेळ त्या अंगणात काय करतोस?"

उठून गेला. थोड्या वेळाने पलीकडून ठोकण्याचा आवाज. त्याचा जीव उडालाय या घरावरून, मला दिसतंय. मी एकटीने हे पुरं कसं करू? ओझं उचलता येत नाही, शिडीवर चढता येत नाही, आणि का ते सांगता येत नाही. आपण होऊन सापळ्यात पाय दिला म्हणतात तो असा.

२० नोव्हेंबर

मनुबाई कालवणाची वाटी घेऊन आल्या. मी नाकाला पदर लावला. त्या बघतच राहिल्या.

"भाताचा वास तरी सोसतं का गो तुना?"

"सर्दी झालीय," मी म्हटलं.

"व्हय व्हय," म्हणाल्या आणि वाटी परत घेऊन गेल्या. जाताना कोनाड्याखालच्या भोकाकडे एकदा वाकून पाहिलं.

२४ नोव्हेंबर

दुपारपासून पोटात दुखतंय. मागच्या दोन्ही वेळा असंच सुरू झालं होतं. चटईवर पडून राहिले, पाय वर करून. कौलं मोजायला लागले आणि सोडून दिलं. त्र्यंबकने आज रजा काढलीय, पलीकडे त्याचा हातोडा चालूच. हाक मारावी वाटलं. मारली की सगळं सांगावं लागणार, आणि उद्या परत सांगावं लागलं तर? नाही मारली. देवाचं नाव घेतलं, जो मी मानत नाही त्याचं.

संध्याकाळी दुखणं थांबलं. थांबलं! रडले. त्र्यंबक आला तेव्हा कांदा चिरत होते, बरं झालं.

२७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठले तर कोनाड्याखालचं भोक लिंपलेलं. अजून ओलं. कोनाड्यात एक वाटी, वर झाकण. आत मनुबाईंच्या चुलीची भाजकी माती, खडे निवडून ठेवलेली.

हाक मारली. पलीकडचा हातोडा थांबला. तो आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"तुझ्या चमच्याला माती दिसली तेव्हाच कळलं होतं मला. त्या भिंतीत चुना मुरलाय. मनुबाई म्हणाल्या, पोटात जाऊ देऊ नको. नाहीतर तुझ्यासाठी राहू देणार होतो तेवढी." मग हातातल्या हातोड्याकडे बघत म्हणाला, "खिळे इथे ठोकले म्हणून काही होत नाही, कळतं मला. पण या वेळी धीर होत नाही गं."

मी म्हटलं, हातोडा बाहेर ठेव आणि आत ये.