डी म्हणजे डिस्टिंक्शन

तीर्थस्वरूप प्रेमामावशीस,

आखातातल्या वादी कबीरहून यशश्रीचा साष्टांग नमस्कार (तोही खुर्चीतूनच, आमच्या फ्लॅटमध्ये आडवं व्हायला जागा कुठे?). तुझा गुडघा काय म्हणतो? काका रोज फिरायला जातात, की अजून नुसते बूट घालून बसतात? आम्ही मजेत. फॅमिली ग्रुपवर न लिहिता पत्र लिहितेय, कारण ग्रुपवर बाबा आहेत. शेजारचे अमीनचाचा उद्या रत्नागिरीला निघालेत, त्यांच्याबरोबर खजूर आणि हे पाठवतेय.

तर मावशी, मेडिकलच्या आधीचं हे जे वर्ष असतं ना, त्यात बायोलॉजीच्या अगदी पहिल्या कोर्सला मला डी मिळाला. म्हणजे काठावर पास. सर म्हणाले, पास आहेस, मेडिकलला अर्ज कर. कोर्स परत घ्यायचा असेल तर घे, पण मग अ‍ॅडमिशन एक वर्ष पुढे. मी डोकं धरून बसले होते, तेवढ्यात बाबांनी लॅपटॉपवर तो डी पाहिला. बाबांच्या मते डी म्हणजे डिस्टिंक्शन! मी तोंड उघडेपर्यंत बिल्डिंगभर बर्फी पोचलीसुद्धा (खालच्या अफशीनने माझं वाकून अभिनंदन केलं, आणि तिला स्वतःला ए आहे).

पण खरी गंमत पुढेच. शुक्रवारी बाबांना एका एसीच्या कामासाठी इब्रा गावाला जायचं होतं, मीही गेले. काम आटोपून बकऱ्यांच्या बाजारात डोकावलो, तर एक शेळी व्यायला लागलेली आणि तिचा मालक अहमद, चांगला दांडगा माणूस, घामाघूम. बाबा पुढे सरसावले. "फिकर नहीं! मेरा लडकी डॉक्टर है!" (होणार आहे, एवढंही नाही म्हणाले गं!) अहमदने मला हाताला धरून खाली बसवलं. "यल्ला, दुक्तूरा!" (म्हणजे चला, डॉक्टरीणबाई!) भोवती ही गर्दी! मला आठवली फक्त पेशीची आकृती, तीसुद्धा बिननावांची. शेळीने माझ्याकडे असं बघितलं, की हिला माझे मार्क कळलेत अशी खात्रीच पटली. मग तिचं ती मोकळी झाली. मी आपली "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते, शुद्ध मराठीत.

पिल्लू पडलं ते निपचित. अहमदने फडका टाकला, मी पुसत सुटले, नाक, तोंड, छाती, आणि ते शिंकलं! मावशी, शिंकलं! माझ्या तळहाताखाली छाती वरखाली व्हायला लागली. आतापर्यंत आईच्या पोटात, पाण्यात होतं, मग श्वास घ्यायचा हे त्याला कळलं कसं? लोक टाळ्या वाजवत होते, बाबा डोळे पुसत होते, आणि मला हे कोणालातरी लगेच विचारायचं होतं! मग लक्षात आलं, हे तर वर्गात शिकवलं होतं. तेव्हा मी मागच्या बाकावर आपल्या मैनाच्या लग्नाचे फोटो बघत होते.

ठरलं! कोर्स परत घेतेय. वर्ष गेलं तर गेलं, खलास!

तुझी लाडकी (आणि आता अभ्यासूही),
यशे

ता. क. आता खरं काम. डी म्हणजे काय, ते बाबांना तू फोन करून सांग. तू धाकटी मेहुणी, तुझ्यावर त्यांचा आवाज चढत नाही.

आणखी ता. क. फोन नको करूस. खजूर आणायला जाताना गाडीत मीच सांगून टाकलं. बाबांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "म्हणजे इतक्यात हॉस्टेल नाही? अजून वर्षभर घरीच तू?" हो म्हटलं, तर चक्क शीळ घालायला लागले.