शून्यावरचा काटा आणि भरलेली टाकी

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने संस्कृतचा अध्यापक, शरीराने मोडकळीला आलेला पण बुद्धीने शाबूत (आमच्या विभागप्रमुखांचे मत वेगळे आहे, पण त्यांना विचारलेले नाही), कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ही माझी अखेरची इच्छा स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टर आधी ‘बरे व्हाल’ म्हणत, आता नुसतेच ‘बघू’ म्हणतात. क्रियापद बदलले की काय होते हे मी जन्मभर शिकवले, तेव्हा उशीर करत नाही.

कलम १. राहते घर, वरच्या खोलीसह, आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला. वरच्या खोलीबद्दल आणखी एक वाक्य होते, ते खोडले आहे. का खोडले ते शेवटी सांगितले आहे. मुली, तू कादंबरीचे शेवटचे पान आधी वाचतेस हे मला ठाऊक आहे. या वेळी तसे करू नकोस.

कलम २. पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. मोठा शब्दकोश मात्र विभागप्रमुखांना. त्यांना त्याची गरज आहे.

कलम ३. तुझ्या आईची सगळी हत्यारे, पाने, पक्कड, पितळी छिन्नी, तुला. गाडीच्या कामात माझ्याकडे फक्त बॅटरी धरायचे खाते होते, आणि ‘अहो पंडित, उजेड माझ्या हातावर पाडा, आकाशात नको’ हे वाक्य मी संसारभर ऐकले. जॅक शेजाऱ्यांनी नेला आहे. परत आणावा. न मिळाल्यास दान समजावे, पण त्यांना तसे कळू देऊ नये.

कलम ४. जुनी जीप तुला. ती विकावी, ठेवावी, मोडीत काढावी, माझी हरकत नाही. मात्र त्याआधी पुढचे वाचावे लागेल.

त्या दुपारी मी वर्गात होतो, फोन बंद होता. आईच्या छातीत कळ आली, आपल्याच घरी राहणाऱ्या मामाने गाडी काढली, तू मागे तिचे डोके मांडीवर घेऊन बसलीस. पुलापलीकडच्या चढावर जीप खोकली आणि थांबली. पुढे काय बोलणे झाले ते तूच मला रडत सांगितलेस.

“मामा, काटा शून्यावर आहे! पेट्रोलच नाहीये!”

“आहे गं बाळा, काटा खोटा आहे. सकाळीच टाकी भरलीय.”

“मग चालत का नाहीये?”

तो रस्त्यावर गाड्या थांबवायला धावला. दुसरी गाडी मिळेपर्यंत तुझी आई तुझ्या मांडीवरच गेली. त्यानंतर तू मामाशी एक शब्द बोललेली नाहीस.

तुझे अनुमान चुकीचे होते, पण वेडेपणाचे नव्हते. मामा पेट्रोल थेंबाथेंबाने भरतो, हा आपल्या घरातला जुना विनोद. टाकी काठोकाठ भरण्याइतका त्याचा हात सैल होईल यावर मीही पैज लावली नसती. पण आदल्या रात्री जेवताना तुझी आई त्याला म्हणाली होती, “पोरगी सुट्टीला आलीय, उद्या डोंगरावर जाऊ. चिंगूसपणा करू नकोस, पूर्ण भर.” म्हणून त्याने भरली होती.

तू नोकरीच्या गावी परत गेल्यावर गॅरेजवाल्याला अंगणात बोलावले. इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप आणि काटा हलवणारे यंत्र, दोन्ही टाकीच्या पोटात एकाच झाकणाखाली बसतात. टाकी उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, आणि भरलेली टाकी उतरवता येत नाही, म्हणून आधी रिकामी करायची. गॅरेजवाल्याने एकच कॅन आणला होता, कारण काटा त्यानेही पाहिला होता. कॅन भरला. मामा धावत दुसरा घेऊन आला, तोही भरला. मग बादल्या आल्या, मग जस्ती टब.

“साहेब, ही गाडी आहे की विहीर?” गॅरेजवाला म्हणाला.

मामा नळीतून पडणाऱ्या पेट्रोलकडे बघत उभा राहिला.

झाकणाची गंजलेली कडी पितळी छिन्नीने ठोकून फिरवली. पंप बाहेर काढून जीपच्या बॅटरीला जोडला, तर हूं की चूं नाही. यंत्राच्या दांडीला जो पितळी तरंगता गोळा असतो, तो फुटून बुडाला होता, म्हणून काटा शून्यावर. पंप बरेच दिवस कुंईकुंई करत होता, ते आम्ही सगळ्यांनीच ऐकले होते. बदलू या म्हटले, तर तुझी आई हसून म्हणाली, “रडू दे. माझ्या आधी नाही जायचा तो.” पैज बरोबरीत सुटली.

नवा पंप, नवे यंत्र, नवे रबर बसवून तेच पेट्रोल परत ओतले. मामाने किल्ली फिरवली. काटा सावकाश वर चढला आणि टोकाला जाऊन थांबला. पहिल्याच झटक्याला इंजिन लागले. त्याने लगेच बंद केले, स्टिअरिंगवर कपाळ टेकले, आणि मी प्रथमच त्या माणसाला मोठ्याने रडताना ऐकले. त्यानंतर त्याने जीप चालवलेली नाही.

मी तुला फोन करून टाकी भरलेली होती हे सांगितले. तू म्हणालीस, “आता काय, भरून दाखवाल.” पुढे बोलायला मला शब्द सुचले नाहीत. माझ्यासारख्या माणसाला हे लिहून देणे जड जाते.

कलम ५. जुना पंप आणि फुटका गोळा बिस्किटांच्या डब्यात, आईच्या कपाटात, तिच्या शालीखाली आहेत. ते तुला. पंपाला स्वतः बॅटरी लाव. गोळा पाण्यात सोड आणि तो बुडेपर्यंत बघत राहा.

कलम ६. मामाला काहीही नाही. माझी औषधे, माझे जेवण, माझी चिडचिड तोच सांभाळतो. वरची खोली त्याला हयातभर राहायला द्यावी, असे मी लिहिले होते, आणि साक्षीदार म्हणूनही तोच सही करणार होता. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, दोन्हीपैकी एक काय ते ठरवा. मी दुसरा साक्षीदार बघू लागलो, तर मामा म्हणाला,

“दाजी, मला खोली नको. सही करू द्या.”

“अरे वेड्या, ती तुला घराबाहेर काढेल.”

“काढू दे. पण काढायच्या आधी माझा शब्द वाचेल तर खरी.”

म्हणून ते वाक्य खोडले आहे. घर तुझे आहे. वर कोणी राहावे हे तूच ठरवायचे.

स्थळ : राहते घर
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२३

सही : लिहून देणार, मुलीचे बाबा

आमच्या समक्ष सही झाली. वरील मजकूर आम्ही वाचला असून त्यातली टाकी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

साक्षीदार : गॅरेजवाला (सही)

साक्षीदार : मामा (सही). भरलेली होती गं, बाळा.